चिमूटभर मिठाचा प्रयोग

मागच्या रविवारी सकाळी साडेदहाला आमच्याकडे एक टाय लावलेला मुलगा आला. वॉटर प्युरिफायरचा डेमो. बोलावलं होतं आईनेच. मी अर्धवट झोपेत, हातात चहा, समोर पेपर.. आणि ओट्यावर दोन काचेचे ग्लास. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं 'आरओ'चं पाणी. मग त्याने बॅगेतून एक डबी काढली. तिला खाली चार कांड्या, वर वायर. कांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या, प्लग लावला, बटण दाबलं.

मिनिटभरात आमच्या नळाचं पाणी गढूळ झालं. मग पिवळट. मग तपकिरी, वर मळकट हिरवा फेस. ग्लासभर गटार म्हणा ना! दुसरा ग्लास जवळपास तसाच, स्वच्छ.

"काकू, हे तुम्ही रोज पिताय," तो मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला. डॉक्टर वाईट बातमी सांगतात तसा.

आईचा चेहरा पडला. तीस वर्षं हेच पाणी तिने आम्हाला पाजलं, त्याचा सगळा अपराध त्या एका ग्लासात तिला दिसला असणार. "किती आहे हो मशीन?" तिने विचारलंच. साडेसतरा हजार. वर वर्षाला बेचाळीसशेचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट.

आता इंजिनिअरिंगची चार वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत, पण बारावीचं केमिस्ट्री अजून थोडं शिल्लक आहे. मी आत गेलो, मिठाची बरणी आणली आणि त्याच्या 'शुद्ध' पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. "आता परत लावा," म्हटलं.

तो नको नको म्हणत होता. पण आई म्हणाली, "लावा की, काय होतंय?" लावलं. अर्ध्या मिनिटात त्याचं आरओचं पाणी आमच्या नळापेक्षा जास्त घाण झालं!

जादू काहीच नाही. त्या कांड्यांतली एक लोखंडाची, एक अ‍ॅल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. ग्लासात दिसते ती घाण पाण्यातली नव्हेच, कांडीची आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. मीठ टाकलं की वाहायला लागते. इतकंच. हा डेमो पाण्याची शुद्धता दाखवत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवतो. आणि आपण वीज पीत नाही.

त्या पोराचा मला राग नाही. त्याला टार्गेट आहे, मलाही आहे. त्याला हे केमिस्ट्री कुणी शिकवलं नसेल, आणि शिकवलं असतं तर तो डेमो त्याला करता आला नसता. राग आहे तो आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांचा. चाळीस हजारांचा फोन घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो, प्रोसेसर बघतो, रॅम बघतो. आणि रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचं मशीन मात्र कुणीतरी घाबरवलं म्हणून घेतो. नळाचं पाणी कुठून येतं, त्यात काय आहे, हे एकदाही न तपासता. आधी बग कुठे आहे ते शोधायचं आणि मग फिक्स टाकायचा, हे ऑफिसात आपण ज्युनिअरला सांगतो. घरी उलटं. फिक्स आधी, बग मागाहून!

तर आधी या टीडीएसचं बघू. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. त्यात कॅल्शियम आलं, मॅग्नेशियम आलं, मीठ आलं. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५०० : २०१२. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० दिली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलं आहे. मी दोनशे रुपयांचा मीटर आणून आमच्या नळाचं पाणी मोजलं. ७८. खडकवासल्याचं पाणी मुळातच मऊ, त्यामुळे पुण्यात महापालिकेच्या नळाला असे आकडे आले तर दचकू नका. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर आला त्या दिवशी मोजलं तर ४१०. म्हणजे वाईटात वाईट दिवशीसुद्धा मर्यादेच्या आत.

आणि हा मीटर काय सांगत नाही तेही समजून घ्या. जंतू आहेत की नाही, ते हा सांगत नाही. ग्लासात सांडपाण्याचा एक थेंब टाका, मीटर जागचा हलणार नाही. उलट जलसंजीवनी घातलेल्या पाण्यात बुडवा, आकडा हजारांत जाईल. जुलाबाने मलूल झालेल्या पोराला डॉक्टर जे पाणी पाजतात ते या मीटरच्या हिशोबाने 'विष' आणि कॉलरा असलेलं पाणी 'उत्तम'! अशा आकड्यावर आपण साडेसतरा हजार खर्च करतो.

मग खरा शत्रू कोण? आईने डेमो का बोलावला ते सांगतो म्हणजे कळेल. माझी मावशी धायरीला राहते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या त्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी वगैरे भागात गिया-बारे सिंड्रोमचे, ज्याला सगळे जीबीएस म्हणायला लागले त्याचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. पायातली ताकद जाते, श्वास घेता येत नाही, माणूस थेट व्हेंटिलेटरवर. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस. दूषित पाण्यातून, दूषित अन्नातून पोटात जाणारे हे प्रकार. मावशी महिनाभर पाणी उकळून पीत होती आणि आई रोज तिला फोन करत होती. ती भीती आईच्या मनातून गेलेलीच नाही, आणि ती खोटी नाही.

पण नीट बघा, त्या भीतीत टीडीएस कुठेच नव्हता. प्रश्न जंतूंचा होता. पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे की नाही हा होता. गंमत म्हणजे त्याच काळात त्या भागातल्या काही खाजगी आरओ प्लांटचं पाणी तपासलं तेव्हा तेही पिण्यालायक निघालं नाही आणि महापालिकेने ते प्लांट बंद केले. जारवर 'आरओ' लिहिलं की पाणी शुद्ध होत नाही. जंतूंची भीती दाखवून क्षारांचं मशीन विकायचं, हा तो धंदा आहे.

आता कुठलं तंत्र कशावर चालतं ते थोडक्यात. (मंडळी, एवढं पाठ करा, पुढच्या डेमोला उपयोगी पडेल.)

उकळणं : जीवाणू, विषाणू, सगळे मरतात. पाणी खळखळून उकळायला हवं, नुसतं कोमट करून भागत नाही. क्षार कमी होत नाहीत. गॅस आणि वेळ जातो, म्हणून रोज कुणी करत नाही. पण साथ आली, पूर आला, नळाला गढूळ पाणी आलं की यासारखा उपाय नाही.

यूव्ही : अतिनील किरणांचा दिवा. त्याने जीवाणू-विषाणू निकामी होतात, पाण्याची चव बदलत नाही, पाणी वायाही जात नाही. अट एकच, पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतो आणि किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून आधी गाळणी लागते. दिवा दिसायला चालू असला तरी त्याची ताकद कमी होत जाते, साधारण वर्षाने बदलावा लागतो. आणि वीज हवी.

यूएफ : बारीक छिद्रांची पडदी, साधारण ०.०१ मायक्रॉनची. गाळ, जीवाणू अडतात. विषाणूंच्या बाबतीत एकट्या यूएफवर भरवसा ठेवू नये. बऱ्याच मॉडेलना वीज लागत नाही, हा मोठा फायदा.

कार्बन : क्लोरीनचा वास, रंग, काही रसायनं शोषून घेतो. जंतू मारत नाही.

आरओ : सर्वांत बारीक पडदी, ०.०००१ मायक्रॉन. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक हे सगळं कमी करणारं घरगुती यंत्र हेच. पण पंपाने दाब देऊन पाणी ढकलावं लागतं, आणि बरंचसं पाणी नळीतून बाहेर टाकावं लागतं.

म्हणजे आरओ वाईट आहे का? मुळीच नाही. माझ्या टीममधला एक मित्र दर्यापूर तालुक्यातला. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, त्यातला. त्याच्या गावच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिकडे आरओ ही चैन नव्हे, गरज आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. तिथे यूव्ही लावून उपयोग नाही आणि उकळून तर अजिबातच नाही, कारण पाणी आटतं आणि फ्लोराइड तिथेच राहतं. मित्राने आमच्या घरचा ७८ आकडा ऐकला तेव्हा म्हणाला, "अबे, याच्यासाठी आमच्याकडे लोक दहा किलोमीटर जातील. अन् तुम्ही त्याला गाळून गटारात सोडता?"

पुण्यातसुद्धा वाघोली-वाकडकडे एखादी सोसायटी वर्षभर बोअर आणि टँकरवर असेल, आणि आकडा आठशे-हजार येत असेल, तर तिथे आरओ घ्या. बिनधास्त घ्या. माझं भांडण आरओशी नाही. आपल्याकडे काय येतं ते न बघता सरसकट घेण्याशी आहे.

यावर हमखास येणारं उत्तर, "अरे पण सेफर साइड म्हणून असलेला बरा ना!" ठीक आहे, सेफर साइड बघू.

एक. आमच्या शेजारच्या काकूंच्या आरओची टाकाऊ पाण्याची नळी मी बादलीत सोडून मोजली. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर. चार माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला पंधरा लिटर धरा, म्हणजे रोज पंचेचाळीस लिटर सिंकमध्ये. वर्षाला १६,४२५ लिटर. आमच्या सोसायटीत १८० फ्लॅट, त्यातल्या दीडशेक घरांत आरओ आहे. गुणाकार करा : २४ लाख ६३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ २४६ टँकर! आणि एप्रिल-मेमध्ये आम्हीच टँकरचं बिल कोणी भरायचं यावर भांडतो. काही घरांत हे पाणी फरशी पुसायला, भांड्यांना वापरतात, त्यांना दंडवत. पण बहुतेक घरांत ती नळी सरळ सिंकमध्ये गेलेली असते.

दोन. आरओच्या आधी कार्बन असतो, तो पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे महापालिकेने घातलेला पहारेकरी आपण दारातच घरी पाठवला. मग ते पाणी मशीनच्या टाकीत पडून राहतं. आपण चार दिवस कोकणात फिरून येतो आणि आल्या आल्या त्याच टाकीतलं पाणी पितो, कारण ते 'शुद्ध' आहे ना! सर्व्हिसिंग चुकलं, फिल्टर जुना झाला की त्या टाकीत, नळीत जंतू वाढायला मोकळं रान मिळतं.

तीन, आणि हा सगळ्यात भारी. आरओने टीडीएस फार खाली गेला की पाणी बेचव लागतं. म्हणून मशीनमध्ये 'टीडीएस कंट्रोलर' असतो. तो काय करतो? थोडं मूळ पाणी आरओच्या पडदीला वळसा घालून परत मिसळतो. म्हणजे ७८ चे ८ करायचे, त्यासाठी तीनपट पाणी फेकायचं, आणि मग ८ चे परत ५० करायचे. ऑफिसात असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी निघतील.

हे मी एकटाच म्हणतोय असंही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घाला आणि जिथे परवानगी द्याल तिथे किमान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. कोर्टकचेरी होत राहील. पण आपल्या ओट्यावर काय लावायचं याचा निर्णय घ्यायला आपल्याला लवादाची वाट बघायची काय गरज?

असो. आता खरी गोष्ट. ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ती.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. पावसाळ्यात मामांना कावीळ झाली. तीन आठवडे गावी जाऊन पडून होते, पगार कापला गेला तो वेगळाच. मामा पाणी पितात ते पार्किंगमधल्या नळाचं. धुणीभांडी करणाऱ्या मावशीही तिथेच बाटल्या भरतात, आणि संध्याकाळी क्रिकेट खेळून दमलेली आमचीच पोरं त्याच नळाला तोंड लावतात. त्या नळाला पाणी येतं सोसायटीच्या टाकीतून. ती टाकी शेवटची कधी धुतली म्हणून मी चौकशी केली, तर उत्तर आलं, चौदा महिन्यांपूर्वी. मामांना कावीळ त्याच पाण्याने झाली असं मी सिद्ध करू शकत नाही. पण नाही झाली असं छातीठोकपणे सांगणारा माणूसही मला सोसायटीत भेटला नाही.

मी मीटिंगमध्ये तीन गोष्टी मांडल्या. टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची. रोज एकदा क्लोरीनची तपासणी करायची, त्याचं किट स्वस्त मिळतं. पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं असं ते मघाचंच मानक सांगतं. आणि गेटजवळच्या नळाला एक यूव्हीचं मशीन बसवायचं. सगळं मिळून घरटी महिना वीस-पंचवीस रुपये पडले असते.

सेक्रेटरी काका मनाने चांगले आहेत, पण ते काय म्हणाले बघा. "अरे, घरोघरी आरओ आहेत आता. टाकी कशाला सारखी धुवायची?" माना डोलल्या. ठराव बारगळला. पुढचा विषय, गणपतीची वर्गणी.

तेव्हा मला कळलं की हे मशीन आपल्या घरात नुसतं पाणी गाळत नाही. आपल्याला ज्याची काळजी वाटायला हवी ते सगळंच गाळून टाकतं. माझ्या ओट्यावर आरओ आहे ना, मग टाकीत पाल पडली काय आणि पाइप गटारातून गेला काय! दीडशे घरांनी साडेसतरा हजार म्हणजे सव्वीस लाखांच्या वर पैसे खर्च केले, आणि सगळ्यांना पुरेल असा वीस रुपयांचा उपाय आता 'गरजेचा नाही' ठरला. आवाज करू शकणारी, महापालिकेला जाब विचारू शकणारी माणसं पाण्याच्या प्रश्नातून बाहेर पडली, आणि मामा आत राहिले. शिवाय आपण तरी कुठे बाहेर पडलोय? दात घासतो, भाजी धुतो, तोंडावर पाणी मारतो ते टाकीचंच. ऑफिसच्या कँटीनमध्ये, पाणीपुरीच्या गाडीवर कुठला आरओ घेऊन जाणार आहोत?

माझी आजी नळाला फडकं बांधायची. आम्ही हसायचो. पुढे वाचनात आलं, की बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीची घडी करून त्यातून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव साडीत अडकतात. कुठला बग आहे हे ओळखून लावलेला फिक्स, शून्य रुपयांचा. प्रत्येकाने फडकं बांधावं असं मी म्हणत नाही, फडक्याने कावीळ थांबत नाही. पण ओळखायचं आधी आणि लावायचं नंतर, हा क्रम आजीला कळला होता.

तर या वीकएंडला एवढं करा. दोनशेचा मीटर आणा आणि नळ, बोअर, टँकर तिन्ही पाणी वेगवेगळं मोजा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा पाण्याचा नमुना द्या, जंतूंसाठी आणि बोअर असेल तर फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणासाठीही. महापालिकेचं पाणी आणि आकडा पाचशेच्या आत असेल तर गाळणी, कार्बन, यूएफ आणि यूव्ही एवढं पुरे. पाचशेच्या बराच वर असेल, किंवा फ्लोराइड-नायट्रेट निघालं, तर आरओ. मग टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडा. मशीन कुठलंही असो, फिल्टर आणि दिवा बदलायची तारीख त्यावर चिकटवून ठेवा. आणि सोसायटीच्या टाकीवर एकदा चढून झाकण उघडून बघा. खरा डेमो तिथे आहे.

आम्ही काय केलं? यूएफ आणि यूव्हीचं साधं मशीन घेतलं, साडेसतरा हजारांच्या निम्म्याहून कमीत. उरलेल्या पैशांत आणखी तीन घरांनी भर घातली आणि गेटजवळच्या नळाला तसंच एक मशीन लावलं. त्याची गाळणी धुवायची पाळी शनिवारी माझी असते. टाकीचा विषय पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे. या वेळी आई पण येते म्हणालीये. मिठाची बरणी घेऊन.